मुक्या पट्ट्या

मी हात पुढं केले.

आधी हेच सांगून टाकते. आयुष्यभर याचीच लाज वाटली, आणि आता या वयात याचंच हसू येतं. लातूरला वकिलांचा बंगला. त्यांचा दिवाणखाना. तिथं पियानोपुढच्या गोल स्टुलावर मी बसलेली. नऊ-दहा वर्षांची. केस तेलानं चापून बसवलेले, आणि नाक एवढं वर की माशी सरळ आत जावी.

आमच्या मिशन शाळेच्या मिसबाईंनी मला तिथं नेलं होतं. वकीलसाहेबांनी निजामाच्या काळात हैदराबादहून हा पियानो आणला होता. वाजवणारं घरात कुणी नव्हतं. त्याच्यावर फुलदाणी ठेवायचे. एकदा तरी त्याचा आवाज ऐकावा म्हणून त्यांनी मिसबाईंना चहाला बोलावलं. मिसबाईंची बोटं संधिवातानं वाकलेली. त्या म्हणाल्या, "ही वाजवील."

मी वाजवलं. वकीलसाहेब डोळे मिटून ऐकत राहिले. त्यांच्या बायकोनं, घरातल्या आईसाहेबांनी, पानाचा डबा उघडला होता तो तसाच मांडीवर राहिला. आतल्या दारात नवी सून उभी होती. डोक्यावरचा पदर घसरला तरी तिला भान नव्हतं. वाजवून झाल्यावर आईसाहेब म्हणाल्या, "गुणाची हाय पोर. कुणाची गं तू?"

इथं गप बसावं की नाही? पण मी लई शहाणी. आमच्या पंचक्रोशीत बाला सवड असल तेव्हाच लोक वरात काढायचे. मला वाटायचं, माझा बा लातूरपर्यंत ठाऊक असणार. छाती काढून सांगितलं, "हलगीवाल्याची." वर गावाचं नाव सांगितलं. मांगवाड्यासकट.

आईसाहेब उठल्या. आत गेल्या. तांब्या घेऊन आल्या.

मला वाटलं, पाहुण्याला हात धुवायला देतात तसं पाणी आणलं. एवढं चांगलं वाजवलं, तर मान करून राहिल्यात माझा. मी दोन्ही हात पुढं केले. ओंजळ केली. हसले सुद्धा.

पाणी ओंजळीला टाळून पडलं. पट्ट्यांवर. जिथं जिथं माझी बोटं फिरली होती तिथं, मधोमध, सावकाश. देवाला घालतात तशी धार. पांढऱ्या पट्ट्यांच्या फटींतून पाणी आत जाताना मी बघत होते. आत कुठंतरी एक तार आपोआप वाजल्यासारखी झाली. बारीक. मग ती पण गप.

दारातली सून म्हणाली, "आत लाकूड हाय, सासूबाई."

आईसाहेब म्हणाल्या, "लाकूड वाळतं."

वकीलसाहेबांनी डोळे उघडलेच नाहीत. माझी ओंजळ तशीच होती. कोरडी.

मिसबाईंनी माझं मनगट धरलं आणि बाहेर काढलं. टांग्यात बसवलं. मग म्हणाल्या, "शेवटच्या ओळीत तू घाई केलीस." बस. एवढंच. तेव्हा मला त्यांचा राग आला. आज वाटतं, त्या दुपारी माझ्याशी माणसासारखं तेवढंच एक वाक्य कुणी बोललं.

*

लोक विचारतात, आज्जी, पियानो कुठं शिकलात? विचारताना त्यांच्या तोंडावर पुणं असतं, मुंबई असते. मी सांगते, दोन जागी. मिशनच्या वसतिगृहात, आणि बाच्या फळीवर.

मिसबाई कडक. हाताच्या पाठीवर ढब्बू पैसा ठेवायच्या आणि वाजवायला लावायच्या. पैसा पडला की पुन्हा पहिल्यापासून. परदेशातल्या कुणा मेलेल्या माणसानं लिहिलेल्या बोटांच्या कसरती. त्यात ना गाणं ना चाल, नुसतं चढा आणि उतरा. मी रडायची. त्या म्हणायच्या, "रड, पण मनगट खाली पाडू नको." एक गंमतही त्यांनीच शिकवली. पायाजवळचा दांडा दाबून धरायचा आणि पियानोच्या पोटात हाक मारायची. सगळ्या तारा मोकळ्या होतात आणि हाकेला घुमून जबाब देतात. मी बाला हाक मारायची. पियानो 'आ' म्हणून राहायचा.

त्या तांब्याच्या दिवसानंतर सुट्टीत गावी गेले. बाला सगळं सांगितलं. ओंजळीचं सोडून. ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

हलगी शेकायला बानं शेणी पेटवल्या होत्या. तापल्याबिगर कातडं बोलत नाही. चुलीतला एक विझका कोळसा घेतला, दाराची जुनी फळी ओढली आणि म्हणाला, "कशा असत्यात त्या पट्ट्या? दाखीव."

मी दाखवलं. त्यानं आखलं. काळ्या पट्ट्या कोळशानं रंगवल्या, पांढऱ्या तशाच सोडल्या. मग म्हणाला, "वाजीव आता. आन् म्हणावं, हिच्यावर वता पानी."

फळीला कुठला आवाज? नुसतं ठक ठक. पण मला सूर ऐकू यायचे. दरेक पट्टीचा येगळा. आणि बा समोर हलगी घेऊन बसायचा. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. टिपरू हुकूम सोडायचं आणि काडी त्याच्या मागं कुरकुर करत धावायची. मी डाव्या हातानं त्या काडीच्या मागं लागायची. गाठता यायचं नाही. बा म्हणायचा, "डावा हात चाकर न्हाई माय. त्याला बी तोंड हाय."

शाळा उघडल्यावर मिसबाईंनी माझं वाजवणं ऐकलं, थांबवलं आणि विचारलं, "हा डावा हात कुणाचा? मी नाही शिकवला."

मी म्हणाले, "घरून आणला."

*

मोठी झाले. नांदेडला एका शाळेत संगीताची बाई म्हणून लागले. लग्न, लेकरं. शाळेत एक खोकला झालेला जुना पियानो होता, तोच माझा संसार. मी तेव्हा कशी होते म्हणता? स्टार्च केलेली साडी, खांद्याला पिन, आणि बोलताना 'आहे', 'नाही' असं पुस्तकातलं. बा भेटायला आला की धोतर झटकून दाराबाहेर उभा राहायचा आणि विचारायचा, "मास्तरीणबाई हायत का घरात?" मी चिडायची. तो खो खो हसायचा.

भूकंपाच्या आधीचं वर्ष. आमच्या गावाकडं जमीन बोलायला लागली होती. खालून आवाज यायचा. लांब कुठंतरी सुरुंग उडवावा तसा, पण वर धूळ नाही, काही नाही. भांडी सरकायची. कुत्री ओट्यावर चढून बसायची. लोक दोन दिवस बाहेर निजायचे आणि तिसऱ्या दिवशी घरात. माणूस किती दिवस भिऊन राहणार?

गणपतीच्या तोंडावर मी गावी गेले तेव्हा बानं हलगी जमिनीवर आडवी ठेवली, कातडं वर, आणि त्यावर ज्वारीचे चार दाणे टाकले.

"काय करून राहिला?"

"गप. बघ."

आम्ही दोघं उकिडवे बसून राहिलो. बराच वेळ काही नाही. मग दाणे हलले. कुणाचा हात नाही, वारं नाही. दाणे कातड्यावर नाचले, एकमेकांवर आपटले, थांबले. मग खालून तो आवाज आला. आधी दाणे, मग आवाज.

बा हसला, पण डोळे हसले नाहीत. म्हणाला, "खालून कुनीतरी वाजवून राहिलंय. चाल मात्र मला वळखू यीना."

मी म्हणाले, नांदेडला चल. तो म्हणाला, गणपती झाल्यावर. गणपतीत सगळ्यांना त्याची हलगी लागायची.

गणपती विसर्जन झालं. पहाटे गाव गेलं.

दगडमातीची घरं, जाड भिंती, त्याहून जाड माळवदं. बा सापडला. हलगीही सापडली. कातडं फाटलेलं, कडं शाबूत. एवढ्या चिता पेटल्या त्या दिवशी, आणि हलगी एकापुढंही नाही. आमच्याकडं मयतीपुढं हलगी लागते. त्यानं साऱ्या गावाच्या मयती वाजवल्या. त्याची कुणी वाजवली नाही. मी उभी होते. हातात साधी काडी घ्यायचं मला सुचलं नाही. मास्तरीणबाई.

*

पुढच्या काही वर्षांत लातूर बघता बघता बदललं. गल्लीगल्लीत क्लास. भिंती दिसायच्या बंद झाल्या, नुसते पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. निलंग्याहून, जळकोटहून, पार हदगावकडून आईबाप पेट्या-वळकट्यांसकट लेकरं आणून सोडायचे. पहाटे सायकलींचा लोंढा, संध्याकाळी सायकलींचा लोंढा. त्या पोरांच्या तोंडावर मला गावाकडच्या कुत्र्यांची नजर दिसायची. ओट्यावर चढून बसलेल्या.

अशात मला लातूरहून फोन आला. वकिलांचा नातू. बंगल्याच्या जागी त्यानं मोठा क्लास बांधला होता आणि सगळे त्याला सर म्हणायचे. गोड बोलणारा माणूस. "मॅडम, आमच्या नव्या हॉलचं उद्घाटन आहे. आजोबांचा पियानो हॉलमध्ये ठेवलाय. वाजवणारं तुमच्याशिवाय कुणी नाही. पुढं दर रविवारी येऊन मुलांना शिकवा. पियानो तुमचाच समजा."

पियानो तुमचाच समजा.

शाळेतल्या माझ्या पियानोला त्याच पावसाळ्यात वाळवी लागली होती. आतून पोकळ. बोट ठेवलं की भुगा. साऱ्या मुलुखात मला वाजवता येईल असा दुसरा पियानो नव्हता. बंगल्याचं नाव ऐकून तो तांब्या आठवला. तरी मी हो म्हणाले. मनाला समजावलं, पोरगा नवा आहे, काळ नवा आहे. मनाला समजवायला माझ्याकडं कायम चांगलं मराठी होतं.

उद्घाटनाच्या सकाळी गेले. झाकण उघडलं. मधल्या पट्ट्यांवरचे पांढरे पत्रे गळालेले. खाली उघडं लाकूड, फुगून वाळलेलं, काळपट. दाबलं की ठक. सूर नाही. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या बऱ्या होत्या. जिथं एका पोरीची बोटं फिरली होती, तेवढाच पट्टा मुका.

सर मागून म्हणाले, "भूकंपात गेल्या त्या पट्ट्या. आम्ही मुद्दाम दुरुस्त केल्या नाहीत. प्रतीक म्हणून."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला घरात तसंच सांगितलं होतं.

आणि मी काय केलं? बसले. मुक्या पट्ट्यांना वळसा घालून अख्खी चीज वर नेऊन बसवली. दोन तास खपले. एकही मेली पट्टी लागू दिली नाही. आणि त्याचा मला अभिमान वाटला! वळसा घालायची कला. आमच्या आज्या-पणज्या विहिरीला वळसा घालून जायच्या, मी पियानोत घातला. शिकून सवरून.

तालीम संपली. बाजूच्या खुर्चीत एक बाई येऊन बसल्या. केस पिकलेले, चष्मा. सरांच्या आई. त्या दिवशीची दारातली सून.

"वळखलं मी तुला," त्या हळूच म्हणाल्या. "वाजवायला बसलीस तेव्हाच. हात तसाच हाय."

मी खांद्याची पिन नीट केली.

"सासूबाई गेल्या. गेलेल्या माणसाचं काढू नये. पोराला ठाऊक न्हाई, कशाला सांगायचं? तू आता मॅडम झालीस. सकाळी चहा दिला, तर कप बी घरातलाच होता, बघितलास ना?"

"हाव. बघितला."

एक गडी फडकं घेऊन आला आणि माझ्या देखत पट्ट्या पुसायला लागला. मी त्याच्याकडं बघितलं. तिनं माझा हात थोपटला. समजूत घातल्यासारखं, मायेनं म्हणाली, "आता ओलं न्हाई पुसत आम्ही. कोरडंच पुसतो."

तिला खरंच वाटत होतं की ती मला काहीतरी देऊन राहिलीय.

*

हॉल भरला. पुढं पाहुणे, मागं पोरं आणि आईबाप. बरेच आईबाप भूकंपाच्या गावांतले. पत्र्याच्या शेडमधून नव्या घरात गेलेले, पण निजताना अजून दाराकडं तोंड करून निजणारे. सरांनी माइक घेतला. "मॅडमचं शिक्षण हैदराबादला, युरोपियन पद्धतीनं झालं. आणि हा पियानो. भूकंपानं याच्या पट्ट्या मुक्या केल्या, पण हा उभा आहे. आपल्या लातूरसारखा!" टाळ्या.

मी बसले. सरांच्या आई पहिल्या रांगेत. त्यांनी मान हलवून मला धीर दिला.

भूकंपानं मुक्या केल्या. मनात तेवढंच घुमत राहिलं. भूकंपानं माझा बा खाल्ला. त्या भूकंपाच्या माथी हे आता आपला तांब्या मारून राहिलेत. बाच्या मयतीच्या आड लपवून राहिलेत.

चीज वरच्या पट्ट्यांत सुरू करायची होती. हात तिकडं गेले नाहीत. मधोमध पडले.

ठक.

कुणीतरी हसलं. पुन्हा ठक. उजव्या हातात टिपरू, डाव्या हातात काडी. बाची चाल. मयतीपुढची, संथ, मधेच अडखळल्यासारखी. त्याच्यापुढं जी कुणी वाजवली नाही, ती. उघड्या लाकडावर बोटं आपटत राहिले. ही फळीच होती. मला तिच्यावर पहिल्यापासून येत होतं.

मग मी पायाजवळचा दांडा दाबला आणि दाबूनच धरला.

सगळ्या तारा मोकळ्या झाल्या. दरेक ठोक्याला पियानोच्या पोटातून घुमारा उठायला लागला. खोल. जमिनीखालून यावा तसा. एकावर एक चढत गेला. हॉलमधलं हसू थांबलं. मागं एका बाईनं लेकराला छातीशी ओढलं. एक म्हातारा उठला. त्याच्या मागं दुसरा. खुर्च्या सरकल्या. तो आवाज त्या लोकांच्या हाडांत होता. आणखी दोन ठोके, आणि सगळा हॉल दाराकडं धावला असता.

मी हात थांबवले. घुमारा हवेत होता. माइक जवळ ओढला.

"बसा," मी म्हणाले. "ह्यो भूकंप न्हाई. ह्ये एक तांब्या पानी हाय."

किती वर्षांनी मी स्टेजवर 'हाय' म्हणाले. पिन सुटल्यासारखं वाटलं.

मग सांगितलं. बंगला, दिवाणखाना, आईसाहेब, तांब्या. पाणी कुठं पडलं, का पडलं. आणि ओंजळीचंही सांगितलं, जे बाला सांगितलं नव्हतं. बाचं नाव सांगितलं, पूर्ण, गावासकट, मांगवाड्यासकट. म्हणाले, "माझं शिकणं हैदराबादचं न्हाई. उजवा हात मिसबाईंचा, डावा हलगीवाल्याचा. भूकंपात माझा बा गेला. तुमचा पियानो त्याच्या लई आधी मेला व्हता."

सर म्हणाले, "मॅडम, काय बोलून राहिलात?" पहिल्यांदाच आमच्यासारखं बोलला बिचारा. आईकडं बघितलं त्यानं. ती मांडीवरच्या हातांकडं बघत होती. माइक बंद झाला.

पुढं काय झालं म्हणता? काही नाही. छत पडलं नाही. कुणी माझ्यासाठी उभं राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी क्लास वेळेवर भरला. पियानोही तिथंच राहिला, वर पितळी पाटी लागली, आणि पाटीवर भूकंपच. मला रविवार मिळाला नाही. त्यानंतर खरा पियानो मी कधीच वाजवला नाही. लेकानं प्लॅस्टिकचा एक घेऊन दिलाय, वायरीचा. त्यावर वाजवते. त्याच्या पोटात हाक मारली तर काही ऐकू येत नाही.

*

आता नात लातूरला त्याच क्लासला आहे. दुसरीकडं नंबर लागला नाही. परवा फोनवर म्हणाली, "आज्जी, ते सर तुझा सत्कार करू म्हणतात. त्या पियानोवर वाजव म्हणतात. जुनं सगळं विसरून."

मी विचारलं, "पाटी काढली का?"

"न्हाई."

इथं नांदेडलाही अलीकडं जमीन बोलून राहिलीय. लोक म्हणतात काही नाही, होतं असं. बाच्या हलगीच्या कड्यावर मी नवं कातडं चढवून घेतलंय. रोज सकाळी शेकते, मग जमिनीवर आडवं ठेवते आणि वर चार दाणे टाकते. सून म्हणते, सासूबाईंना म्हातारचळ लागला. लागू दे. आज दाणे हलले. आवाज अजून यायचा आहे.

सत्काराला मी जाणार. शाल घेणार नाही. हलगी नेणार आणि ती पाटी उतरेपर्यंत त्या पियानोपुढं मयतीची चाल वाजवत बसणार. एक दिवस, दहा दिवस, मला कुठं परीक्षा आहे? जमिनीचं पाप जमिनीच्या नावावर, तांब्याचं तांब्याच्या.

आणि पाणी घेऊन कुणी आलंच पुढं, तर या वेळी माझे दोन्ही हात गुंतलेले असतील.